फुडे साहेब

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. उशिरा सांगायला बसलं की माणूस चुकीला धुतो, वाळवतो आणि इस्त्री करून पुढे ठेवतो. माझी चूक अशी होती. किनाऱ्यावरच्या एका गावाचा विकास आराखडा तयार होत होता. कोणती जागा आज कशासाठी वापरली जाते याची पाहणी माझ्याकडे होती. जिथे चाळीस-पन्नास माणसं मिळून पोट भरत होती, त्या जागेपुढे मी लिहिलं, 'वापर : कोणी नाही.' सुवाच्य अक्षरात. खाली सही, आणि सहीखाली दोन टिंबं. सहीखाली टिंबं दिली की माणूस भारदस्त दिसतो अशी तेव्हा माझी समजूत होती.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाचतात, आणि वाचून फोन करतात. मालवणच्या बाजूचं आहे, एवढं पुरे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माहेर वालावलचं, भातशेती आणि चार काजूची झाडं. आरेखनाची पदविका घेतलेली घरातली मी पहिलीच मुलगी. सरकारी कागदावर माझं पद 'अनुरेखक' होतं. म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या रेघेवर पातळ कागद ठेवायचा आणि तीच रेघ पुन्हा ओढायची. पण बाबा कसालच्या बाजारात भेटेल त्याला सांगत, "आमचा चेडू शेरां बांधता." आमची मुलगी शहरं बांधते. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. पुढे पुढे तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

शहरं बांधायचं काम खरं तर आमच्या साहेबांचं होतं. ते वरिष्ठ नगर रचनाकार. पुढच्या वीस वर्षांत गाव कुठे वाढेल, रस्ता कुठून जाईल, शाळेला जागा कोणती, मच्छीबाजार कुठे, हे सगळं त्यांनी ठरवायचं आणि आम्ही रंगवायचं. साहेब घाटावरचे, दुष्काळी भागातले. नेमणुकीवर येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. आल्या दिवशी संध्याकाळी बंदरावर जाऊन तासभर उभे राहिले आणि परत येऊन आमच्या शिपायाला, बाबलीला, म्हणाले, "एवढं पाणी, आणि पिता येत नाही." दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. समुद्रावर पुन्हा काही बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यांना एक शब्द होता, 'पुढे?'

तुम्ही काहीही सांगा, ते संपलं की साहेब विचारणार, "पुढे?" माणूस म्हणाला, साहेब माझ्या घरावरून रस्ता जातोय. पुढे? घर जाईल. पुढे? आई म्हातारी आहे. पुढे? ती दुसरीकडे जायची नाही. पुढे? मग तो माणूस थांबायचा आणि हळूच खरं काय ते सांगायचा, की आईची अडचण नाही, भावाशी वाटणीचा वाद आहे आणि रस्ता गेला तर बरंच होईल. असे चार-पाच 'पुढे' झाल्याशिवाय साहेब वहीत काही टिपत नसत. आमच्याकडे 'पुढे'ला 'फुडे' म्हणतात. बाबली त्यांना 'फुडेसायब' म्हणायला लागला आणि सहा महिन्यांत गावाने ते आडनावच करून टाकलं. एका बागायतदाराचा अर्ज आला त्यावर चक्क 'श्री. फुडे यांस' असं होतं. साहेबांनी तो वाचला, पोच दिली आणि पोचेखाली आपलं खरं नाव न घालता नुसती सही केली. मी म्हटलं, "साहेब, आडनाव चुकलंय त्यांचं." ते म्हणाले, "त्यांचं कुठे, माझं चुकलंय. आणि ते मला चालतंय."

मालवणी ते मच्छीबाजारात शिकले. मासे खात नसत. "काट्यांशी माझं पटत नाही," म्हणायचे. डब्यात बारा महिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पण बाजारात माणसं किती, कुठून येतात, कुठे अडतात हे मोजायला रोज सकाळी तासभर कोळणींच्या मध्ये दगडावर बसत. "सायबानू, एकदा बांगडो खावा, मगे तुमची रेघ सरळ येतली," असं त्या चिडवायच्या आणि साहेब मान हलवून मोजत राहायचे. तिथे बायका एकमेकींना 'गो' म्हणतात ते त्यांनी ऐकलं. 'गो' बाईला आणि 'रे' पुरुषाला, एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून, किंवा सांगितली पण पटली नाही म्हणून, ते सगळ्यांनाच 'गो' म्हणू लागले. बाबलीला "चहा आण गो." ठेकेदाराला "खरं सांग गो." नगराध्यक्ष एकदा भेटायला आले, चांगले सहा फूट उंच, मिशा असलेले. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली आणि अतिशय आदराने म्हणाले, "अध्यक्षसाहेब, बस गो." अध्यक्ष बसले. मी पातळ कागदामागे तोंड लपवलं.

दुरुस्त करायचं काम मी अंगावर घेतलं होतं. मी स्थानिक ना. साहेब, गो नाही, रे. साहेब, हय म्हणजे इथे आणि थंय म्हणजे तिथे. साहेब, इथे असं असतं, इथे तसं असतं. मागे वळून पाहते तेव्हा दोन वेण्या घातलेली, काखेत टी-स्क्वेअर धरलेली एक टिटवी दिसते. समुद्रापासून तीन कोस आत, भाताच्या कुणग्यात वाढलेली ही टिटवी, किनाऱ्याबद्दल घाटावरच्या माणसाला व्याख्यान देतेय. मी स्वतः तोपर्यंत वाळूत उतरले होते ती शाळेच्या सहलीत, एकदा.

साहेबांचा नियम होता की कुठल्याही जागेवर तीनदा जायचं. एकदा भरतीला, एकदा ओहोटीला आणि एकदा बाजाराच्या दिवशी. तीन फेऱ्या होईपर्यंत पाहणीच्या कागदावर ते सही पेन्सिलीने करत. तिसऱ्या फेरीनंतर शाईने. इतर कार्यालयांत हे कळल्यावर लोक हसत, पण त्यांचे नकाशे कोर्टात टिकत, म्हणून हळू हसत.

मोजायचीही त्यांची पद्धत होती. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी चाकूने फुटांच्या खुणा केल्या होत्या. पण गल्ली मोजताना छत्री पुरत नसे. "दोन बाया डोक्यावर टोपली घेऊन समोरासमोर आल्या तर?" एवढं विचारून त्यांनी एका दुपारी माझ्या डोक्यावर एक आणि बाबलीच्या डोक्यावर एक अशा रिकाम्या टोपल्या दिल्या आणि आम्हाला गल्लीच्या दोन टोकांना उभं केलं. आम्ही मधोमध अडकलो. घरांतून माणसं बाहेर येऊन बघू लागली. एक आजी मला म्हणाली, "गो, सरकारी नोकरी म्हणान हीच?" साहेबांनी वहीत लिहिलं, 'रुंदी दीड टोपली.' ती गल्ली आराखड्यात रुंद झाली. अजून तिला तिथले जुने लोक दीड टोपलीची गल्ली म्हणतात, आणि ती आता चांगली तीन टोपल्यांची आहे.

एक हॉटेलवाला यायचा. त्याच्या आवाराच्या कडेने रस्ता जात होता. "साहेब, नकाशात फक्त एक मिलिमीटर सरकवा. कोणाला कळणारसुद्धा नाही." तीन वेळा आला. चौथ्या वेळी साहेब त्याला घेऊन जागेवर गेले, नकाशाच्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे किती ते छत्रीने मोजलं आणि त्याला म्हणाले, "चल गो, चालून बघू." ते दोघं तुळशीला वळसा घालून सरळ एका घराच्या मागच्या दारातून आत शिरले. आत बाई पेज उकळत होती. "हा तुमचा मिलिमीटर," साहेब म्हणाले, "या बाईंच्या चुलीवर संपतो. तुम्ही यांना सांगा, मी उभा आहे." हॉटेलवाल्याने बाईला नमस्कार केला आणि पाणी मागितलं. पुन्हा आला नाही. आला असेल तर आमच्या वरच्या कार्यालयात गेला असेल.

असा हा माणूस. आणि त्याच्या हाताखाली मी.

आराखड्याची पाहणी संपत आली होती. किनाऱ्याचा शेवटचा पट्टा राहिला होता तेव्हा साहेब तापाने पडले. विश्रामगृहात तीन आठवडे झोपून होते. मी फळं घेऊन गेले. ते म्हणाले, "तो वाळूचा पट्टा राहिलाय. तुला काय सांगायचं म्हणा, तू इथलीच." त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकलेली ही एकच वेळ. मी फुगून तिथून निघाले.

गेले ती भर दुपारी. भरती, ओहोटी, बाजार, काही पाहिलं नाही. त्या महिन्यात मी कुडाळहून नवी चप्पल आणली होती, जराशी उंच टाचेची, बक्कलवाली. वाळूत उतरले तर टाच रुतणार आणि बक्कलात वाळू जाणार. म्हणून मी वर रस्त्यावरच उभी राहिले. खाली लांबलचक पांढरी वाळू. तीन-चार खांब, सुंभाच्या दोरीचं एक वेटोळं, ओंडक्यांवर चढवलेली एक होडी, एक कुत्रा. झावळ्यांच्या सावलीत एक म्हातारी पाय पसरून जाळं विणत बसली होती. तिचं नाव भागीरथी, सगळे तिला भागीकाकी म्हणत, हे मला नंतर कळलं. मी वरूनच ओरडून विचारलं, "काकी, ही जागा कोण वापरतात?"

ती वर बघून म्हणाली, "आता कोण नाय गो. रापण लागली काय सगळो गाव येता."

रापण म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याची दोन टोकं गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायची. पण पाहिलेली नव्हती. आणि कागदावरचा 'प्रत्यक्ष वापर' हा रकाना एक इंच रुंद होता. माझी अक्कलही साधारण तेवढीच. तिच्या वाक्यातलं जेवढं रकान्यात मावलं तेवढं मी लिहिलं. 'कोणी नाही.' होडीपुढे लिहिलं, 'मोडकी होडी, एक.' ती मोडकी नव्हती. उलटी होती.

साहेब ताप उतरून आले तेव्हा मुदत जवळ आली होती. मुंबईहून तगादे होते. त्या एका पट्ट्यावर त्यांनी पेन्सिल न वापरता थेट शाईने सही केली. मी इथली होते ना. जागा मोकळी, रस्त्याला लागून, किल्ला बघायला येणाऱ्यांच्या गाड्या वाढलेल्या. तिथे वाहनतळाचं आरक्षण पडलं. मी ते रंगवलं. फार सुबक रंगवलं.

प्रारूप आराखडा जाहीर झाला. नगरपालिकेच्या सभागृहात नकाशा लावला. तीस दिवसांत हरकती द्यायच्या. लोक येऊन आपापलं घर शोधत, घरावर काही नाही बघितलं की चहा पिऊन जात. वाळूत कोणाचं घर नव्हतं. त्यामुळे वाळू शोधायला कोणी आलं नाही.

चोविसाव्या दिवशी साहेब दहा वाजून गेले तरी कार्यालयात आले नाहीत. अकराला आले ते पँट गुडघ्यापर्यंत ओली, केसात वाळू, आणि दोन्ही हात पुढे धरलेले, जसे मेंदी लावलेली मुलगी धरते. तळव्यांवर सुंभाचे लाल वळ होते. सकाळी फिरायला म्हणून ते किनाऱ्यावर गेले होते. नियोजित वाहनतळावर त्यांना गाव दिसलं. बाया, बाप्ये, म्हातारे, दोन रांगा करून दोर ओढत होते. रापण ओढताना माणूस उभा राहून ओढत नाही. दोर कमरेला लावून उलटा चालत, वर वर सरकत येतो, अगदी रस्त्याच्या कठड्यापर्यंत. मग सोडून पुन्हा खाली पाण्याशी. त्यासाठी ती सगळी मोकळी वाळू लागते. साहेब बघत उभे राहिले तर कोणीतरी म्हणालं, "बघतास काय, लागा." ते लागले.

त्यांनी कपाटातून माझा पाहणीचा कागद काढला. वळ आलेल्या हातांनी धरायला त्रास होत होता, म्हणून टेबलावर पसरला.

"'कोणी नाही,'" त्यांनी वाचलं. "पुढे?"

"पुढे काही नाही साहेब."

"तुला हे कोणी सांगितलं?"

"एक म्हातारी होती."

"ती पुढे काय म्हणाली?"

मला ते शब्द न् शब्द आठवत होतं. इतके दिवस कुठे होतं देव जाणे. मी सांगितलं. रापण लागली काय सगळो गाव येता.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते म्हणाले, "म्हणजे तिने पूर्ण सांगितलं होतं. आपण अर्धं आणलं." आपण, म्हणाले.

जाहीर झालेल्या आराखड्यात साहेबांना स्वतःलाही रेघ मारता येत नाही. गावातून लेखी हरकत आली तरच समितीपुढे सुनावणी होते. नाही आली तर नकाशा तसाच मंत्रालयात जातो, आणि मंजूर झाला की त्या वाळूवर डांबर. सहा दिवस होते.

"तू जा," साहेब म्हणाले. "आणि या वेळी काही गाळू नकोस."

मी गेले. चप्पल तीच होती. तेव्हाही रस्त्यावरूनच हाक मारली आणि भागीकाकीला वर कठड्यापाशी बोलावलं. ती गुडघे धरत चढून आली. मी तिला म्हटलं, "काकी, सरकारान हय गाडयो ठेवची जागा केल्यान."

"खंयच्या सरकारान?"

"मुंबयच्या."

"मुंबयच्या सरकाराक आमची वाळू खंयसून दिसली?"

मी छत्री उघडली आणि मिटली. मी केलं, असं म्हणायला तीनच अक्षरं लागतात. नाही म्हटलं. मी म्हटलं, "तुमी अर्ज देवा, मी लिवन देतंय." मदत करणारी बाई म्हणून मी तिच्यासमोर बसले, आणि काय सांगू, थोडा वेळ मला स्वतःबद्दल बरंही वाटलं.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. साहेबांची ताकीद होती म्हणून काही गाळलं नाही. तीन फुलस्केप झाले. त्यात रापण होती, दोन दोर होते, उलटं चालणं होतं, जाळं वाळत घालायला लागणारी जागा होती, आणि शिवाय कठड्यापाशी दिव्याचा खांब दोन वर्षं बंद आहे हे होतं, आणि तिची सून माहेरी जाऊन बसलीय हेही होतं. मी साहेबांना विचारलं, "सून काढू का?" ते म्हणाले, "राहू दे. माणूस हरकत घेतो तेव्हा सगळ्यालाच घेतो."

भागीकाकीने अंगठा दिला. तिच्यामागे अजून एकोणचाळीस अंगठे आणि सह्या. तिसाव्या दिवशी दुपारी अर्ज दाखल झाला.

सुनावणीला भागीकाकी हिरवं लुगडं नेसून आली. समितीत सात माणसं, मधोमध अध्यक्ष म्हणून तेच मिशावाले नगराध्यक्ष. एका बाजूला साहेब, त्यांच्यामागे नकाशाची गुंडाळी धरून मी. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. गाड्या रस्त्यावर लागतात, रुग्णवाहिका अडते, हा त्यांचा खरा त्रास होता. ते म्हणाले, "काकी, थोडक्यात सांगा."

साहेब म्हणाले, "थोडक्यात नको. थोडक्यातच घोटाळा झालाय."

काकीने सगळं सांगितलं. "एक दोरी हय, एक दोरी थंय. मधी गाडी उबी रवली तर दोरी खंयसून ओढूची? गाडयेच्या खालसून?" दोन सभासद हसले. अध्यक्षांनी छापील अहवाल उघडला. "पण साहेब, तुमच्याच अहवालात स्वच्छ लिहिलंय. वापर कोणी नाही. ही पाहणी केली कोणी?"

सभागृहात पंखा फिरत होता. मी नकाशाच्या गुंडाळीचं टोक निरखायला लागले. त्याला सुतळी बांधलेली होती. सुतळीला दोन गाठी होत्या. इतक्या वर्षांनी मला त्या गाठी दिसतात, यावरून मी त्या किती लक्ष देऊन पाहिल्या असतील ते बघा. भागीकाकी समोरच्या बाकावर होती. तिला माझा चेहरा दिसत होता.

"अहवालावर सही माझी आहे," साहेब म्हणाले. "मी प्रत्येक जागी तीनदा जातो. इथे एकदाही गेलो नाही." मग इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाकडे वळून म्हणाले, "लिही गो. चूक नगर रचनाकाराची."

त्या 'गो'ला कोणी हसलं नाही. कारकुनाने लिहिलं.

आरक्षण उठवावं आणि वाहनतळ बाजारामागच्या जागेत न्यावा अशी शिफारस झाली. ती पुढे मंजूरही झाली. सुधारलेल्या नकाशावर त्या पट्ट्याला रंग कोणता द्यायचा हा प्रश्न आला, कारण नियमांच्या तक्त्यात शेती होती, उद्योग होता, स्मशान होतं, पण रापण नव्हती. साहेबांनी मला जाळ्यासारख्या आडव्या-उभ्या बारीक रेघा मारायला लावल्या, आणि खाली सूचीत लिहायला लावलं, 'रापण ओढण्याची व जाळी वाळवण्याची सामाईक जागा.' तो रकाना मी स्वतः आखला. चांगला चार इंचांचा.

साहेबांकडे खुलासा मागितला गेला. जाहीर आराखड्यात एवढी चूक कशी. आम्हाला वाटलं ते दोन पानं लिहितील, तापाचं प्रमाणपत्र जोडतील. त्यांनी लिहिलं, 'वाक्य अर्धे ऐकले गेले. पुढे काय, हे विचारायचे राहिले.' बाबलीने तो कागद टपालात टाकायच्या आधी मला दाखवला. त्या वर्षी बढतीची यादी आली, तीत साहेबांचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. खुलाशामुळे की मिलिमीटरवाल्यामुळे की उगीचच, हे सरकार कोणाला सांगत नाही. मी एकदा चहा देताना म्हटलं, "साहेब, माझ्यामुळे..." ते म्हणाले, "पुढे?" आणि मी चहा ठेवून बाहेर आले.

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली, पुन्हा कोरड्या मुलखात. निरोप समारंभात मला भाषण होतं. मी दीड टोपलीची गल्ली सांगितली, 'बस गो' सांगितलं, अध्यक्ष स्वतः पोट धरून हसले. मग रापणीचंही सांगितलं. साहेबांनी कशी चूक आपल्या अंगावर घेतली, केवढा मोठा माणूस, वगैरे. टाळ्या पडल्या. मी बसायला वळले. साहेब हार सांभाळत खुर्चीतून पुढे झुकले आणि नेहमीच्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढे?"

लोकांना वाटलं गंमत केली. अजून हसले. मी पण हसले, हात जोडले आणि बसले.

साहेबांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेली. आठ वाजता मी किनाऱ्यावर होते. कठड्यापाशी चप्पल काढून ठेवली. ती चप्पल एव्हाना जुनी झाली होती, टाचही झिजली होती, तिला वाळूचं काही भय उरलं नव्हतं. खाली रापण नुकतीच संपलेली, माणसं पांगत होती. भागीकाकी त्याच झावळ्यांखाली, तशीच पाय पसरून बसली होती. मी तिच्यासमोर वाळूत बसले. म्हटलं, काकी, त्या वेळी ते मुंबईच्या सरकारने नव्हतं केलं. मी केलं होतं. तुम्ही पूर्ण सांगितलं होतं, मी अर्धंच लिहिलं. आणि सुनावणीत गप्प बसले.

तिने जाळ्यातली गाठ आधी पुरी केली. दोरा दाताने तोडला. मग म्हणाली,

"माका तेवाच कळला गो. तू रस्त्यारच उबी रवलंस. मी म्हटलंय, चेडवाच्या पायात नवी चप्पल आसा, फुडच्या खेपेक वाळवेर येतला. येवक तीन वर्सा लावलंस मगे."